टोकियोची गल्ली, दोन मीटर आणि एक कॅमेरा

माझ्याकडे दोन फोटो आहेत, एकाच जागेवर उभं राहून काढलेले, मधे साधारण अडीच वर्षं गेलेली. जागा म्हणजे टोकियोतलं क्योजिमा, सुमिदा वॉर्डात, ६३४ मीटर उंच स्कायट्री टॉवरच्या अगदी पायथ्याशी. पहिल्या फोटोत एक बोळ आहे, समोरून कोणी छत्री घेऊन आलं तर आपण अंग चोरून भिंतीला चिकटायचं एवढाच, दोन्ही बाजूला पत्रे ठोकलेली लाकडी घरं, दारात कुंड्या, थर्माकोलच्या खोक्यात लावलेली रोपं, एक सायकल. दुसऱ्या फोटोत सगळं तेच, फक्त मधलं एक घर गायब आणि तिथे करड्या रंगाचं नवंकोरं तीन मजली घर, आणि गंमत म्हणजे ते ओळीत नाहीये. लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि एक जण लाजून मागे राहतो ना, तसं ते मीटरभर मागे सरकून उभंय.

मला आधी वाटलं आर्किटेक्टची हौस असेल. पण एकदा दिसलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. जुनं घर पुढे, नवं मागे, परत दोन जुनी पुढे, एक मागे. गल्लीची कड अशी दातेरी का झालीय हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर टोकियोचे स्ट्रीट फोटो बघायची पद्धतच बदलली. म्हणून हे लिहितोय. मी शिकलेला फोटोग्राफर नाही, नोकरीसाठी काही वर्षं निशी-कसाईत राहिलो (टोकियोतल्या बऱ्याच मराठी मंडळींसारखाच), आणि रविवारी घरात बसून करायचं काय म्हणून कॅमेरा घेऊन फिरायचो.

तर कारण असं आहे. जपानचा १९५० चा इमारत कायदा म्हणतो की घर बांधायचं असेल तर प्लॉट किमान ४ मीटर रुंद रस्त्याला लागून हवा आणि निदान २ मीटर तरी त्याला चिकटलेला हवा. आता जुन्या वस्त्यांत ४ मीटरचे रस्ते आणणार कुठून? मग तोडगा काढला की गल्लीच्या मधोमध एक रेघ आहे असं समजायचं, तिच्यापासून दोन्हीकडे २-२ मीटर म्हणजे रस्ता. आज जे घर उभं आहे ते राहू दे, पण पाडून नवीन बांधशील तेव्हा त्या रेघेच्या मागे जायचं. मुंबईत ज्याला सेटबॅक म्हणतात तेच, फक्त इथे महापालिका बुलडोझर घेऊन येत नाही, प्रत्येक घर आपापल्या वेळेला, म्हातारं झालं की, एक पाऊल मागे जातं. गल्ली २ मीटरची असेल तर प्रत्येक बाजूने १ मीटर. म्हणजे रस्ता रुंद व्हायला पन्नास-साठ वर्षंसुद्धा लागू शकतात आणि मधल्या काळात तो असा दातेरीच दिसणार. तुम्ही फोटो काढता तेव्हा त्या पन्नास वर्षांतला एक दिवस तुमच्या हाती लागतो, बस.

याचीच दुसरी बाजू अजून भारी आहे. ज्या प्लॉटला २ मीटरसुद्धा रस्ता लागत नाही, आत कुठेतरी बोळाच्या टोकाला आहे, तिथे घर पाडलं तर नवीन बांधायला परवानगीच नाही. त्याला इस्टेट एजंटच्या भाषेत ‘साईकेनचिकू फुका’ म्हणतात, म्हणजे पुन्हा बांधणं अशक्य. असं घर स्वस्तात विकलं जातं, कोणी पाडत नाही, डागडुजी करत राहतात. आता विचार करा, टोकियोच्या ज्या ‘अहाहा किती जुनी गल्ली’ वाल्या फोटोंना आपण लाईक देतो त्यातल्या बऱ्याच गल्ल्या कोणी प्रेमाने जपलेल्या नाहीत, पाडून उपयोग नाही म्हणून उरल्यात. मला हे कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं आणि मग मजाही वाटली.

आता घरं एवढी पाडतात तरी का, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे कोणी तीस वर्षांचं घर पाडायला काढलं तर लोक वेड्यात काढतील. तिथे हिशोब वेगळा आहे. टॅक्ससाठी लाकडी घराचं आयुष्य धरतात २२ वर्षं, तेवढ्यात घसारा लावून त्याची किंमत कागदावर संपते, आणि बाजारही साधारण तसंच बघतो, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचं घर विकायला काढलं तर जाहिरातीत लिहितात ‘जमीन, वर जुनं घर आहे’, जणू घर म्हणजे प्लॉटवर वाढलेलं गवत. त्यात भूकंप. १९७८ साली मियागीला मोठा भूकंप झाला, त्यानंतर जून १९८१ मध्ये नवीन भूकंप-नियम आले, आणि त्याआधीचं घर म्हटलं की घेणारा दोनदा विचार करतो.

आणि मग माणूस जातो. वारसा कर जपानमध्ये ५५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो (सगळ्यांना बसत नाही, सूट आहे, पण टोकियोतल्या जमिनीच्या किमती बघता सूट लवकर संपते) आणि तो साधारणपणे १० महिन्यांच्या आत रोख भरायचा. आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ ला गेली त्यामुळे हा प्रकार आपल्याला माहीतच नाही. पोरं काय करतात, आजीचं घर विकतात, घेणारा त्या एका प्लॉटचे दोन-तीन तुकडे करतो आणि प्रत्येकावर ती उभट काडेपेटीसारखी घरं. नाहीतर कॉइन पार्किंग, म्हणजे डांबर, पिवळ्या रेघा, पैसे टाकायचं मशीन, तीन गाड्या. याच्या उलटसुद्धा होतं हां, घर असलेल्या छोट्या प्लॉटची घरपट्टी एक षष्ठांश मूल्यावर लागते, घर पाडलं की ती सवलत जाते, म्हणून कित्येक घरं रिकामी, वेली चढलेली, तशीच उभी ठेवतात. २०१५ पासून धोकादायक घरांची ती सवलत काढता येते. फोटोत तुम्हाला वेलींनी गिळलेलं घर दिसलं ना, ते गूढ-बिढ काही नसतं, बहुतेक वेळा घरपट्टीचं गणित असतं.

पाडकाम मात्र एकदा बघण्यासारखं असतं. आधी कंत्राटदाराचा माणूस आजूबाजूच्या घरी जाऊन ‘त्रास होईल, माफ करा’ म्हणून सांगून येतो, बरेचदा टॉवेल देऊन. मग परांची बांधून करड्या जाड शीट्स लावतात, घर गिफ्ट रॅप केल्यासारखं दिसतं. २००० साली केलेल्या कायद्याने मोठ्या कामात लाकूड, काँक्रीट वगैरे वेगवेगळं करून द्यावं लागतं त्यामुळे सरसकट आडवं करत नाहीत, कौलं काढतात, काचा काढतात, हाताने, क्रमाने, आणि एक माणूस पूर्ण वेळ फक्त होज धरून पाणी मारत असतो, धूळ उडू नये म्हणून.

क्योजिमात एका ‘नागाया’चं पाडकाम चाललं होतं. नागाया म्हणजे एका छपराखाली ओळीने लावलेली घरं, साधारण बैठी चाळ समजा. त्यातलं एकच घर पाडायचं होतं, म्हणजे केकचा तुकडा काढतात तसं छप्पर कापून मधला भाग काढला होता आणि शेजारच्या घराची आजवर कधीच उन्हात न आलेली भिंत उघडी पडली होती, तिच्यावर जिन्याचा तिरका ठसा, कॅलेंडरच्या जागी एक फिकट चौकोन, वर कुठल्यातरी कपाटाची खुंटी. मी कॅमेरा उचलला. होजवाल्याने एका हातात होज सांभाळत दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून फुली केली. तिकडे ‘नाही’ म्हणजे ही फुली, शब्द लागत नाही. मी कॅमेरा खाली केला, मान लववली, त्यानेही लववली, पाणी चालूच. पुढच्या रविवारी गेलो तर त्या भिंतीवर नवा कोरा पत्रा ठोकलेला, संपलं. तो फिकट चौकोन माझ्या डोक्यात आहे, कार्डमध्ये नाही.

यावरून कायद्याचं सांगून टाकतो कारण सगळे विचारतात. जपानमध्ये रस्त्यावर फोटो काढायला बंदी नाही. इमारतींचे फोटो काढायला कॉपीराइटही आड येत नाही. पण माणसाच्या चेहऱ्याचं वेगळं. ‘चेहऱ्याचा हक्क’ असं थेट कलम कुठे नाही, तो कोर्टांनी घडवलाय. १९६९ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने, क्योतोतल्या विद्यार्थी मोर्चाचे पोलिसांनी फोटो काढले होते त्या केसमध्ये, म्हटलं की परवानगीशिवाय आपला चेहरा टिपला जाऊ नये हे प्रत्येकाचं स्वातंत्र्य आहे (पोलिसांना गुन्हा घडत असताना सूट दिली, तो भाग वेगळा). नंतर २००५ मध्ये कसोटी आली ती अशी की समाजात राहताना माणसाने जेवढं सहन करायला हवं त्याच्या पलीकडे हे जातंय का, आणि त्याच वर्षी टोकियोच्या कोर्टात गिन्झामध्ये चाललेल्या एका बाईचा फोटो न विचारता फॅशनच्या वेबसाईटवर टाकणाऱ्यांना भरपाई द्यावी लागली. म्हणजे गर्दीतला एक चेहरा चालतो, चेहऱ्यासाठीच काढलेला फोटो विचारून. मोबाईलचा शटरचा आवाज तिकडे बंद करता येत नाही तो मात्र कायदा नाही, कंपन्यांनी आपणहून लावून घेतलेला नियम आहे.

आणि घरं तरी पूर्ण मोकळी कुठे आहेत. २००८ मध्ये गुगल स्ट्रीट व्ह्यू जपानमध्ये आलं तर लोक भडकले, कारण गाडीवरचा कॅमेरा कुंपणाच्या वरून आत डोकावत होता. २००९ मध्ये गुगलने कॅमेरा ४० सेंटीमीटर खाली घ्यायचं आणि पुन्हा फोटो काढायचं ठरवलं. ४० सेंटीमीटर! टोकियोच्या गल्लीत खाजगी आणि सार्वजनिक यातलं अंतर केवढं असतं त्याचं इतकं नेमकं माप मला दुसरं कुठे मिळालेलं नाही. तेव्हापासून मी कॅमेरा छातीच्या वर नेत नाही, दारावरची नावाची पाटी आणि वाळत घातलेले कपडे फ्रेमबाहेर ठेवतो.

आता फोटोग्राफर लोकांकडे येऊ. टोकियो विसाव्या शतकात दोनदा जळालं, १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात (एक लाखावर माणसं गेली, बहुतेक आगीने) आणि १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात, एका रात्रीत जवळजवळ एक लाख. क्योजिमा त्या रात्री बऱ्यापैकी वाचलं, म्हणून तिथे नागाया उरल्यात. बाकी शहर पुन्हा उभं राहताना रस्त्यावर लायका कॅमेरा घेऊन फिरत होते किमुरा इहेई, जन्म १९०१, टोकियोच्याच जुन्या वस्तीतले. त्यांचे फोटो बघताना असं वाटतं की कोणी काढलेच नाहीत, आपोआप झाले. त्यांच्या बरोबरीचे दोमोन केन, ते कडक वास्तववादी, म्हणायचे काहीही मांडामांड नको, शुद्ध स्नॅप हवा. या दोघांवर लिहायला मला आवडेल पण विषय लांबेल.

खरी उलथापालथ १९६८ ला. ‘प्रोव्होक’ नावाचं एक छोटं मासिक निघालं, १९६९ पर्यंत तीनच अंक आले आणि बंद पडलं. नाकाहिरा ताकुमा, ताकानाशी युताका आणि समीक्षक ताकी कोजी हे सुरुवातीचे, दुसऱ्या अंकापासून मोरियामा दाइदो. यांच्या फोटोंना नाव पडलं ‘आरे, बुरे, बोके’. हसू नका. आरे म्हणजे रवाळ, खरखरीत, बुरे म्हणजे हललेला, बोके म्हणजे आऊट ऑफ फोकस, आपल्या बोक्यांचा काही संबंध नाही. (लेन्सवाले ज्याला हल्ली ‘बोके’ म्हणतात, मागचं धूसर बॅकग्राउंड, तो शब्द हाच, पण यांनी माणूसच धूसर केला होता.) हे करायचे कसं? फिल्म ठरलेल्यापेक्षा जास्त डेव्हलप करायची की दाणे फुटतात, अंधारात कॅमेरा सावकाश शटरवर ठेवून चालता चालता दाबायचा की हलतो, आणि डोळा न लावता कमरेजवळून काढायचा की फोकस गेला तर गेला. मग प्रिंट करताना काळा अगदी कोळशासारखा काळा.

लोकांना वाटलं यांना कॅमेरा धरता येत नाही. पण टोकियोतला शिंजुकू हा भाग तेव्हा कसा होता ते डोळ्यासमोर आणा. स्टेशनच्या पश्चिमेला योदोबाशी नावाचं पाणी शुद्धीकरण केंद्र होतं, ते १९६५ ला बंद झालं, नुसतं मैदान, आणि १९७१ ला तिथे पहिलं गगनचुंबी हॉटेल, केइओ प्लाझा. योदोबाशी वॉर्ड तर १९४७ लाच शिंजुकूत विलीन झालेला, आज ते नाव लोकांना माहीत आहे ते कॅमेऱ्याच्या दुकानामुळे. एक अख्खी वस्ती जाऊन उरलं काय तर कॅमेरा विकणाऱ्या दुकानाची पाटी, आता यावर फोटोग्राफरने काय करावं!

आणि त्याच स्टेशनच्या पश्चिमेला जमिनीखाली एक चौक आहे. १९६९ च्या वसंतात तिथे शनिवारी पोरं गिटार घेऊन जमायची, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गाणी म्हणायची, बघता बघता हजारो लोक यायला लागले. जुलैत प्रशासनाने काय केलं, पाट्या बदलल्या. ‘पश्चिम दरवाजा भूमिगत चौक’ होतं त्याचं केलं ‘पश्चिम दरवाजा भूमिगत मार्ग’. चौकात थांबता येतं, मार्गात थांबलं की अडथळा. एक वीट न हलवता जागा बदलली. मला विचाराल तर टोकियो बदलण्याचा याहून मोठा किस्सा नाही, आणि असा बदल स्वच्छ, सरळ, शार्प फोटोत कसा दाखवणार? ज्या शहरात उभं राहायलाच देत नाहीत तिथे चालत चालतच फोटो निघणार, आणि चालताना काढलेला फोटो हलणारच. बुरे त्यातूनच येतं, असं माझं मत आहे, पंडितांचं वेगळं असेल.

पण प्रोव्होकमधलेच ताकानाशी पुढे १९७० च्या दशकात उलटे गेले, ४ बाय ५ इंचाच्या निगेटिव्हचा मोठा कॅमेरा, ट्रायपॉड, रंगीत फिल्म, आणि टोकियोच्या जुन्या वस्त्यांतली दुकानं, एकेक बरणी मोजता येईल इतकी स्पष्ट. मोरियामांच्या फोटोत बदलात सापडलेल्या माणसाला कसं वाटतं ते कळतं, ताकानाशींच्या फोटोत नेमकं काय गेलं त्याची यादी मिळते. दोन्ही लागतात. मला वैयक्तिक यादी जास्त आवडते, बापाची किराणा दुकानदारी असल्यामुळे असेल.

तिसरा रस्ता एकदम विनोदी आहे. १९७२ मध्ये कलाकार आकासेगावा गेनपेई आणि मित्रांना योत्सुयात एक जिना दिसला, दोन्हीकडून वर चढतो आणि वर दारच नाही. तरी त्याचा कठडा नीट दुरुस्त केलेला! नुसतं राहून गेलेलं, कामाचं नसलेलं, आणि तरी कोणीतरी सांभाळलेलं, अशा गोष्टींना त्यांनी पुढे नाव दिलं ‘थॉमासन’. गॅरी थॉमासन हा अमेरिकन बेसबॉलपटू, योमिउरी जायंट्स या जपानी टीमने मोठे पैसे मोजून आणला, आणि तो बॅट फिरवायचा पण बॉल काही लागायचा नाही. वाईट वाटतं बिचाऱ्याचं. पण एकदा हा शब्द कळला की दुसऱ्या मजल्यावर हवेत उघडणारं दार दिसतं, बुजवलेल्या खिडकीवरचं छोटं छज्जं दिसतं, आणि प्रत्येक थॉमासन म्हणजे इथे आधी काहीतरी होतं याची पावती असते.

टोकियोतल्या शिबुया या भागाबद्दल लिहिलं नाही तर लोक विचारतील म्हणून थोडक्यात. शिबुया म्हणजे दरी, नावातला ‘या’ म्हणजेच दरी, त्यामुळे गिन्झा लाईन ही मेट्रो जमिनीखालून येते आणि स्टेशनच्या तिसऱ्या मजल्यावर उगवते. २०१३ मध्ये तोयोको ही रेल्वे लाईन जमिनीखाली गेली, २०१९ मध्ये २३० मीटरचा स्क्रॅम्बल स्क्वेअर टॉवर उघडला, जानेवारी २०२० मध्ये गिन्झा लाईनचा प्लॅटफॉर्म पूर्वेला सरकवला. आता बहुतेक पर्यटक त्या टॉवरच्या गच्चीवरून स्टेशनसमोरच्या प्रसिद्ध क्रॉसिंगचा फोटो काढतात, मुंग्यांसारखी माणसं. छान येतो, पण त्यातून काहीच कळत नाही. तसेच ते पावसातले निळे-गुलाबी फोटो, पारदर्शक छत्री, ओल्या रस्त्यावर लाईटचं प्रतिबिंब. मीही शेकड्याने काढलेत, आता बघवत नाहीत. शिबुयात खरं बघायचं तर बांधकामाच्या पांढऱ्या पत्र्यांचं कुंपण बघा, त्यातून वळवत नेलेली पायवाट दर काही महिन्यांनी बदलते आणि रोजची माणसं तरीही न बघता बरोबर वळतात. मोठी बिल्डिंग होणार असेल तर साईटवर आधीच पांढरा बोर्ड लागतो, ‘बांधकामाच्या योजनेची सूचना’, त्यावर उंची, मजले, काम कधी सुरू, कधी संपणार. जपानी येत नसली तरी तारखा वाचता येतात. तो बोर्ड दिसला की समजायचं, या कोपऱ्याचा फोटो आज काढून ठेवावा.

बाकी माझ्या बोळाचं सांगायचं राहिलं. भारतात परत यायच्या आधी शेवटचा एकदा क्योजिमाला गेलो, किराकिरा ताचिबाना बाजारपेठेतून चालत. त्या करड्या घराच्या समोरचं घरही आता नवं झालं होतं आणि तेही मीटरभर मागे गेलं होतं, म्हणजे एका घराच्या लांबीपुरता तो बोळ अखेर पूर्ण ४ मीटर झाला होता, पुढे-मागे परत २. कायद्याने ती मोकळी झालेली पट्टी आता रस्ता, तिथे काही ठेवायचं नसतं. दोन्ही बाजूला थर्माकोलची खोकी ओळीने मांडलेली होती, आणि एकात मिरच्या लागल्या होत्या.